पौष अमावास्येला रंगपेटी

चित्रं काढत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने बरोबर काय घ्यावं, याच्या याद्या पुष्कळ आहेत. घडीची खुर्ची, जाड कागद, कान झाकणारी टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या (एक प्यायची, एक ब्रश बुडवायची, दोन्ही एकाच आकाराच्या असल्या की पुढे काय होतं ते सांगायला नको) आणि नकाशा. बाकीच्या वस्तूंशी माझं भांडण नाही. नकाशाशी आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात रंगपेटी घेऊन फिरायचं असेल तर नकाशा घरी ठेवावा आणि पंचांग घ्यावं, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी पूर्ण शुद्धीत मांडतो आहे. या विषयातला माझा अधिकार कुणाला तपासायचा असेल तर तोही सांगून टाकतो. माझ्या चित्रातली झाडं फुलकोबीसारखी दिसतात. पावलं काढता येत नाहीत म्हणून माझी सगळी माणसं गुडघाभर गवतात उभी असतात, भर बाजारातसुद्धा. यथार्थदर्शनाचे नियम मी पाळतो, पण माझी घरं पाळत नाहीत. अशा माणसाने कुठे बसावं यापेक्षा कधी बसावं याचा विचार जास्त करावा. जागा कितीही देखणी असली तरी ती बिघडवायला हात समर्थ असतो. निदान वेळ तरी चांगली साधावी.

नकाशाचा पहिला दोष असा की तो या जिल्ह्यात टिकत नाही. ‘ऐतिहासिक गावांची चित्रसफर’ असं वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून कोणी नागपूरहून निघाला, की ४४ क्रमांकाचा महामार्ग त्याला हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगेपर्यंत निमूट आणून सोडतो. पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा. इथपर्यंत सगळं ठीक. मग वही उघडावी. पहिलं नाव निर्मल: लाकडी खेळणी, नक्काशांची सोनेरी चित्रं, जुन्या कोटाचे बुरूज. निर्मल आता निर्मल जिल्ह्यात. दुसरं बासर, गोदाकाठची सरस्वती. तीही निर्मल जिल्ह्यात. गांधारीचा किल्ला मंचेरियाल जिल्ह्याने नेला. गोंडांचा पुढारी कोमरम भीम जिथे १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला ते जोडेघाट, डोकरा ओतकाम करणाऱ्या वोजारी कारागिरांचं उशेगाव, आणि हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये जिथे राहिला ते मारलवाई, ही तिन्ही आसिफाबाद जिल्ह्यात. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणाने आपल्या १० जिल्ह्यांचे ३१ केले (पुढे ३३ झाले). त्यात जुन्या आदिलाबादचे चार वाटे पडले आणि सफरीचं बहुतेक सामान शेजाऱ्यांच्या घरी गेलं. वहीतली नावं एकामागून एक खोडताना चित्रकाराचं पहिलं रेखाटन तिथल्या तिथे तयार होतं. त्यात नुसत्या फुल्या असतात.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा याच जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. राजुऱ्याबरोबर माणिकगडही गेला. जिल्ह्याचं मुख्यालय एके काळी आसिफाबादला होतं, ते आदिलाबादला आलं. जिवतीच्या डोंगरात तर डझनभर गावं अशी आहेत की ती महाराष्ट्राची की तेलंगणाची, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तिथली माणसं दोन्ही राज्यांची रेशनकार्डं सांभाळून आहेत. ज्या आदिलशहाचं नाव या शहराला मिळालं असं सांगतात, त्या घराण्याने आपले घुमट विजापुरात बांधले. इथे नाव तेवढं ठेवून गेले, आणि नावाचं चित्र काढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे. खडकाला जिल्हा कळत नाही. जिल्हाधिकारी बदलला म्हणून धबधबा वरच्या बाजूला वाहत नाही. चित्रकाराने गाडी आणखी पन्नास-साठ किलोमीटर हाकावी आणि कुरकुर बंद करावी. हे मी मान्यही केलं असतं, पण चित्रकार रस्त्याकडेला बसतो, आणि नकाशाचा दुसरा, मोठा उपद्रव तिथे सुरू होतो. जो मुलूख गेल्या सत्तर वर्षांत इतक्यांदा मोजला, कापला आणि वाटला गेला, ज्याच्या मधून चौपदरी रस्ता निघाला, तिथे घडीच्या खुर्चीवर बसून, मांडीवर फळी घेऊन, एक डोळा मिटून आणि अंगठा पुढे धरून घरांकडे बघणारा इसम गावाला कोण वाटणार? मोजणीवाला. दुसरं काही वाटायचं कारणच नाही. अंगठा धरून झाडाची उंची जोखावी असं कलाशाळेत शिकवतात, पण भूसंपादनाच्या नोटिसा वाचलेल्या गावाला तो अंगठा आपल्या जमिनीच्या पट्ट्यावर उठलेला दिसतो. “काय मोजून राहिले, साहेब?” हा प्रश्न मराठीतच येईल, कारण बेला, जैनथ, तामसी या पैनगंगेकडच्या पट्ट्यात मराठी घराघरांत आहे. उत्तर पटलं नाही तर तोच प्रश्न तेलुगूत, गोंडीत आणि दखनी उर्दूत विचारला जाईल. ‘चित्र काढतोय’ हे उत्तर चारही भाषांत सारखंच संशयास्पद आहे. समोर धडधडीत उभी असलेली भिंत पुन्हा कागदावर काढायला, तेही पगार नसताना, कोणी दोनशे किलोमीटर येतं का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला जगातल्या कुठल्याही निसर्गचित्रकाराने समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. मग चहा येणार, कारण मोजणीवाल्याला चहा पाजलेला बरा असतो. चहाच्या मागून एखादे म्हातारबाबा वाकून कागदावरच्या रस्त्याच्या रेघेवर बोट ठेवणार आणि हळूच म्हणणार, “हे रेघ जराशी तिकून घ्या ना भाऊ, आमचं घर वाचते.” आता ज्याची रेघ एरवीही हवी तिथून जात नाही, त्या चित्रकाराला ती पलीकडून घ्यायला काय जातं? त्याने घ्यावीच. खऱ्या मोजणीत ही विनंती ऐकून घेणारा माणूस त्यांना भेटण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि निसर्गचित्रात सत्यनिष्ठा वगैरे जे काही म्हणतात त्यापेक्षा एक घर वाचलेलं बरं.

तर यावर तोड काय? जे दिवस मोजणीचे नाहीत ते निवडावेत. सणाच्या, जत्रेच्या, आठवडी बाजाराच्या दिवशी सरकारी माणूस साखळी घेऊन येत नाही. आला तर बंदोबस्ताला येतो. त्या दिवशी गावात मडकी विकणारा, फुगे विकणारा, दात काढणारा, भविष्य सांगणारा असे सगळे बसलेले असतात आणि त्यांच्या रांगेत चित्र काढणारा एक बसला तर कुणाच्या पोटात दुखत नाही. पंचांगाची बाजू इथून सुरू होते. आणि ज्याला पंचांग हा जुनाट प्रकार वाटतो त्याने एवढं लक्षात घ्यावं की ११ ऑक्टोबर २०१६ हा दसऱ्याचा दिवस होता. नकाशा बदलायलासुद्धा सरकारने मुहूर्त पाहिला. शिवाय नकाशात जी सीमा इतकी जाड छापलेली असते ती पंचांगात नाहीच. मराठी आणि तेलुगू दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो, दोन्हीकडे शक शालिवाहनाचा, आणि गुढीपाडवा व उगादी एकाच सकाळी. पैनगंगेच्या पुलावर पाट्यांची लिपी बदलते, पेट्रोलचा भाव बदलतो, दारूच्या दुकानांची संख्या बदलते. पौष बदलत नाही. उत्तरेकडे गेलात तर हीच अमावास्या माघातली होते. म्हणजे नागपूरच्या माणसाला काळाच्या बाबतीत वाराणसीपेक्षा आदिलाबाद जवळचं आहे, आणि हे कुठल्याच महामार्गाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

आता हवा. जलरंग हे ओल्या देशांचं व्यसन आहे. इंग्रजांनी ते वाढवलं ते त्यांच्याकडे ऊन नव्हतं म्हणून, आणि आपल्याकडे प्रल्हाद अनंत धोंडांसारखा माणूस ओल्या कागदावर समुद्र आणि आभाळ एकमेकांत विरघळवू शकला, कारण कोकणात कागद ओला राहतो. आदिलाबादेत वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे आभाळाचा निळा हात डावीकडून सुरू केला तर उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचं आभाळ वाळून पापुद्रे धरतं; मग आभाळात पट्टे पडतात आणि ते ढग आहेत असं सांगावं लागतं. आषाढ-श्रावणात उलटं. रंग वाळतच नाही. आभाळ सावकाश उतरून कापसाच्या शेतात शिरतं, आणि ती अतिवृष्टी आहे असं सांगावं लागतं. पौषात पहाटे पारा कधी कधी एकआकडी असतो, दव पडतं, नऊपर्यंत कागद हाताळू नये; पण नऊ ते तीन हवा अशी की माझ्यासारख्याचंही आभाळ एका सपाट्यात होतं. हा माझा मुख्य पुरावा आहे, आणि त्याला दुजोरा कलेच्या नव्हे तर कापसाच्या बाजारातून मिळतो. आदिलाबादचं मार्केट यार्ड हे कापसावर चालतं, आणि तिथलं सगळं भांडण ओलाव्याचं आहे. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, पूर्ण हमीभाव देते, ८ ते १२ मध्ये भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही. आदल्या रात्री ट्रॅक्टर लावून रांगेत थांबलेल्या शेतकऱ्याच्या कापसावर पहाटेचं दव पडतं आणि ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा वर चढतो. दव त्याने पाडलेलं नसतं. सबंध वर्षाची कमाई एका काट्याच्या दोन घरांमध्ये हेलकावत असते आणि तो थंडीत कांबळं पांघरून सूर्य वर यायची वाट बघत असतो. चित्रकाराचा कागद आणि शेतकऱ्याचा कापूस दोघांनाही सकाळी नऊचं ऊन हवं असतं. फरक इतकाच की चित्रकाराचं बिघडलं तर तो दुसरा कागद काढतो. जाता जाता हेही सांगायला हवं की मार्केट यार्डातले कापसाचे ढीग हा माझ्या शैलीला सर्वांत मानवणारा विषय आहे. तिथे फुलकोबी काढली तरी कोणी हरकत घेत नाही.

प्रेक्षणीय स्थळांचं थोडक्यात. कुंटाला धबधबा, कडम नदीवर, उंची सुमारे ४५ मीटर: भाद्रपद ते कार्तिक कागद कोरा सोडावा, वैशाखात नुसता खडक रंगवावा. पोचेरा: तेच, थोडं बुटकं. जैनथचं काळ्या दगडातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ: दसऱ्यानंतरच्या दिवसांत सकाळची किरणं मूर्तीच्या पायांवर येतात असं सांगतात. म्हणजे देवळानेही पंचांगच पाहिलेलं दिसतं.

खरा पुरावा केसलापूरला आहे. नकाशावर इंद्रवेल्लीजवळचा हा एक ठिपका. ‘ऐतिहासिक गाव’ शोधणाऱ्याने एरवीच्या मंगळवारी इथे गाडी थांबवली तर एक देऊळ, थोडी वडाची झाडं आणि आपली सावली एवढंच मिळेल. पण पौषात मेसराम कुळातले गोंड पायी चालत जन्नारमकडच्या गोदावरीच्या हस्तिनामडुगू डोहावर जातात, कलशात पाणी घेऊन परततात, केसलापूरच्या वडांखाली मुक्काम करतात आणि अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा होते. मग जत्रा. २०२४ साली ही रात्र ९ फेब्रुवारीला आली, २०२५ ला २८ जानेवारीला, २०२६ ला १८ जानेवारीला. इंग्रजी तारखेवर विसंबून गेलेला चित्रकार तीन आठवड्यांनी चुकू शकतो आणि त्याला फक्त चुलींची राख सापडेल. कोमरम भीमच्या मृत्यूनंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फला गोंडांची स्थिती पाहायला सांगितलं, आणि त्याच्याच सूचनेवरून १९४० च्या दशकात या जत्रेत दरबार सुरू झाला: अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा डोंगरात येऊन लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तो अजून भरतो. म्हणजे कचेरीसुद्धा पंचांगाप्रमाणे चालून येते असं हे ठिकाण आहे. दगडी वेस नाही, बुरूज नाही, आणि तरी या काही दिवसांपुरतं इतकं जुनं आणि इतकं भरलेलं गाव साऱ्या जिल्ह्यात नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यासारखा झटकता येत नाही. लोकांचा देव, लोकांचं व्रत. तिथे खुर्ची मांडून बसायचा तुम्हाला काय हक्क? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. नव्या सुनांची नागोबाशी ओळख करून देतात तो भेटिंगचा विधी काढायचा नाही, इतकं कुणी न सांगता कळायला हवं. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात गोंडांच्या दंडारी नाचाचे जथे गावोगाव फिरतात, त्यातला मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी हा छायाचित्रकारांना फार आवडतो. पण त्या दिवसांत तो माणूस व्रतस्थ असतो, अंगाची राख धूत नाही, त्याला कोणी शिवत नाही. त्याला ‘जरा उजेडात या’ म्हणणारा चित्रकार आपल्या रंगपेटीसह परत पाठवण्याच्या लायकीचा आहे. मारलवाईचे कनका राजू यांना या नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तरी गुसाडी हा कार्यक्रम नव्हे. मात्र आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. वडाखालच्या चुली, उभ्या करून ठेवलेल्या बैलगाड्या, वाळत टाकलेली लुगडी, जिलेबीवाल्याचा धूर, हे सगळं विचारून काढता येतं, आणि विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘काढा’ म्हणतात. पूजा रात्रीची आणि अमावास्येची, त्यामुळे ती काढता येणारही नव्हती. काळोखात कुठला रंग ब्रशाला लागला ते कळत नाही. माझ्या चित्रांत उजेडातही ते कळत नाही, पण तो वेगळा विषय.

तिसरा आक्षेप कलावंतांकडून येईल: चित्रासाठी जागेवर जायलाच कशाला हवं? निर्मलचा नक्काश कुठे जातो? तो घरी बसतो, पोनिकीचं हलकं लाकूड कोरतो, चिंचोक्याच्या खळीचा लेप देतो, घासतो, रंगवतो. त्याचा पोपट वैशाखातही हिरवा आणि त्याचं सीताफळ बाराही महिने पिकलेलं. २००९ साली त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याने ना नकाशा पाहिला ना पंचांग. खरं आहे. पण तो तिथेच राहतो. त्याला सगळे ऋतू घरबसल्या येऊन भेटतात; पाहुण्याला तीन दिवस मिळतात आणि त्यातला एक गाडी पंक्चर होण्यात जातो. पाहुण्याची अवस्था एडवर्ड लियरची होते. व्हाइसरॉयच्या आमंत्रणावरून, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हा विनोदी कवी-चित्रकार १८७३ साली हिंदुस्थानात आला, हजारांनी रेखाटनं करत फिरला, आणि पाऊस लागला तेव्हा १८७४ चे काही आठवडे पुण्यात मुक्काम ठोकून बसला. व्हाइसरॉयचं वजन होतं, पावसावर चाललं नाही. शिवाय नक्काशाला कालगणनेची गरज नाही हेही वरवरचं आहे. आदिलाबादेत कलाआश्रम उभारणारे रवींद्र शर्मा २०१८ साली गेले. सुतार, कुंभार, ओतारी यांच्या वस्तू सणांपासून आणि विधींपासून सुट्या काढून बघू नका, असंच ते सांगत आले. मडकं कुठल्या दिवशी लागतं हे कळलं की मडक्याचा आकार कळतो. संग्रहालयाच्या काचेआड ते नुसतं मडकं असतं.

पंचांगात न छापलेली एक तिथीही इथे आहे. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनींच्या प्रश्नावर जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावागावांत याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात. पुढे उभारलेलं स्मारक पाडलं गेलं आणि पुन्हा बांधलं. कित्येक वर्षं त्या तारखेला तिथे जमायला बंदी असायची. केसलापूरच्या वाटेवरच हे गाव लागतं. त्या दिवशी चित्रकाराचं तिथे काही काम नाही, आणि मोजणीच्या विनोदाला हा मुलूख जितका हसतो त्याहून जास्त का हसत नाही, तेही तिथे उभं राहिलं की कळतं.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, जो सर्वांत खरा आहे: नोकरदार चित्रकाराला रजा मिळते ती मुलांच्या शाळेला सुट्टी असते तेव्हा, म्हणजे मेमध्ये. साहेबाला पौष अमावास्या समजावणं हे गुसाडीला उजेडात बोलावण्याइतकंच वाईट. अशा माणसाने वैशाखात जरूर जावं, पण जलरंग घेऊन जाऊ नये. पेन्सिल घ्यावी, तिला वाळायचं नसतं. पहाटे साडेपाचला निघून कडेच्या जंगलात तेंदूपत्त्याचं काम चाललेलं असेल तिथे बसावं. पानं तोडून, जुड्या बांधून रांगेने उन्हात मांडतात, आणि या ४५ अंशांच्या उन्हाची मनापासून वाट बघणारं तेवढं एकच गिऱ्हाईक त्या दिवसांत जिल्ह्यात असतं. जुड्या सारख्या असतात, त्यांना पावलं नसतात, आणि त्या गवतात नसल्या तरी चालतं. आठ वाजता खुर्ची मिटवावी. आठनंतर तिथे कोणी बसलेलं दिसलं तर मोजणीवालासुद्धा समजणार नाहीत. सरळ पाणी पाजून सावलीत आडवं करतील.